बँकेचं पाणी

मंगरू कुमरेची ई-रिक्षा पुन्हा बसली. नालवाडीच्या अलीकडे, सकाळच्याच भर उन्हात, तीन सवाऱ्या आत असताना. होळी अजून व्हायची होती, पण वर्ध्याचं ऊन कुठं कॅलेंडर पाहून येतं! आधी गाडीची ओढ गेली, मग हॉर्न म्हाताऱ्यासारखा खाकरला आणि मग सगळंच गार. मागच्या बाईंनी पिशव्या सावरत विचारलं, "काय झालं हो भाऊ?"

"काई नाई बाई, बॅटरी थकली," मंगरू म्हणाला. मनात म्हणाला, थकलो तर मीही, पण मला कोण दुरुस्तीला नेतं!

सवाऱ्या पैसे न देताच उतरल्या. त्यानं मागितलेही नाहीत. अर्ध्या वाटेत सोडलेल्या माणसाला हात पसरायचा, हे त्याला कधी जमलं नाही. सीटच्या कडेला टेकून तो थोडा वेळ नुसता बसून राहिला. घाम पुसायचाही कंटाळा आला होता.

माणूस साठीच्या अलीकडचा, पण गुडघे साठीच्या बरेच पलीकडे गेलेले. अर्धं आयुष्य त्यानं सायकलरिक्षा ओढली. वर्ध्याच्या स्टेशनावरून गठ्ठे, पेट्या, नवऱ्यामुलीचे आहेर, बाळंतीण बाया, सगळं ओढलं. मग ई-रिक्षा आली तेव्हा त्याला वाटलं, चला, आता पायांना पेन्शन मिळाली. बोरगाव मेघेच्या दोन खोल्यांतून सकाळी निघायचं, संध्याकाळी परतायचं, रात्रभर गाडी चार्जिंगला लावायची. पोरगी रक्षा रोहण्याला दिलेली, तिचं तिथं बरं चाललेलं. घरात तो आणि सखू, दोघंच. दोघं एकमेकांशी गोंडीत बोलायचे आणि उंबरा ओलांडला की वऱ्हाडीत. इतकी वर्षं झाली, पण ही सवय दोघांनीही सोडली नाही.

ई-रिक्षा म्हणजे खरं तर चार बॅटऱ्या आणि वर एक छप्पर. बाकी सगळं पत्रा. सवारीच्या सीटखाली त्या चार बॅटऱ्या शेजारीशेजारी बसलेल्या असतात आणि गाडीचा सगळा जीव त्यांच्यात. मंगरू त्यांची फार निगा राखायचा. पूर्ण उतरू द्यायचा नाही, चार्जिंग झाल्याशिवाय झाकणं उघडून पाणी घालायचा नाही, तारांच्या टोकांवर पांढरी भुकटी आली की गरम पाण्यात सोडा टाकून घासून काढायचा. स्टँडवरचे बाकीचे रिक्षावाले चेष्टा करायचे, "मंगरू, बॅटरीले काजळ-तीट लाव आता, नजर लागन!" लागू दे म्हणायचा. त्यांच्या बॅटऱ्या वर्षात मरायच्या, याच्या दोन वर्षं चालायच्या.

आणि याचं सगळं श्रेय तो सखूला द्यायचा. असल्या बॅटरीला नळाचं, विहिरीचं, बोरचं पाणी चालत नाही. त्यातला क्षार आत जाऊन बसतो आणि बॅटरी आतून मारतो. दुकानात त्यासाठी वेगळं पाणी मिळतं, पण एसीतून थेंबथेंब गळतं ते पाणीही चालून जातं, हे सगळ्या रिक्षावाल्यांना ठाऊक. आता एसीचं पाणी आणायचं कुठून? सखू बँकेत झाडूपोछा करायची. बँकेच्या मागे एसीच्या नळीखाली बाटली लावून ठेवायची आणि संध्याकाळी भरलेली घरी आणायची. मंगरू स्टँडवर सगळ्यांसमोर बाटली वर धरून म्हणायचा, "आमच्या सखूनं आणलं. बँकेचं पाणी हाय बाप्पा, बँकेचं!" सांगताना छाती अशी फुगायची, जणू बाई तिथं मॅनेजरच होती. रोज सकाळी पहिली फेरी तिचीच. बँकेच्या फाटकाशी तिला सोडायचा, ती मान हलवायची, मग हा सवाऱ्या शोधायला जायचा.

आणि असं असताना मागच्या पावसाळ्यात घेतलेला नवा सेट आताच मरायला टेकला होता. याला काय म्हणावं!

कशीबशी गाडी ताराचंद शेठच्या बॅटरीच्या दुकानापर्यंत आणली. दुकान आता पोरगा भूपेंद्र पाहायचा. शेठ मात्र गादी सोडायला तयार नव्हते. गल्ल्यामागे बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला राम राम करायचे. मंगरूची आणि त्यांची ओळख सायकलरिक्षाच्या काळापासूनची. दुकानाचा माल स्टेशनावरून मंगरूच आणायचा आणि कधी एक खोकं इकडचं तिकडं झालं नाही. शेठ गिऱ्हाइकांना सांगायचे, "मंगरूनं म्हटलं ना, मंग खरंच असन." आयुष्यभर घाम गाळून मंगरूनं काय कमावलं असं कोणी विचारलं असतं, तर त्यानं हे एक वाक्य दाखवलं असतं.

भूपेंद्रनं सीट उचलली, झाकणं उघडली, काचेच्या नळीनं आतलं पाणी ओढून पाहिलं. नळीतली तरंगती काडी खाली बसली, म्हणजे बॅटरीत दम उरला नव्हता. टॉर्च मारून आत डोकावला आणि त्यानं तोंड वाकडं केलं.

"काका, पाणी कोन्तं टाकता?"

"बँकेचं. एसीचं."

"नाई हो काका. आतमध्ये पाहा, तांबूस गाळ धरलाय. हे बोरचं पाणी हाय."

"अरे, बँकेचं म्हणतो ना मी!"

"थंडीत एसी कोण चालवते काका? थंडीत कुठून आणलं पाणी?"

मंगरू चपापला. खरंच की, सगळा हिवाळा बाटली रोज भरून येत होती आणि आपल्या डोक्यात एकदाही आलं नाही. पण मग त्याला उत्तर सुचलं. "पैशाच्या मशीनच्या खोलीतला एसी बाराही महिने चालते. तुले काय मालूम?"

भूपेंद्र वैतागला नाही, पण बोलायचं ते बोलला. वॉरंटी अजून बाकी आहे. मात्र चुकीचं पाणी घातलं असेल तर कंपनी बदलून देत नाही. कंपनीचा माणूस उद्या येणार आहे, तो पहिले हेच विचारेल. एकच बॅटरी नवी टाकून भागायचं नाही, तीन जुन्या मिळून चौथीलाही खाली ओढतील. बदलायच्या तर चारही.

चारही! नव्या घ्यायची ताकद मंगरूत नव्हती. कंपनीनं बदलून दिल्या तर गाडी चालणार, नाहीतर गाडी दाराशी उभी राहणार आणि मंगरू तिच्याशेजारी. सायकलरिक्षाकडे परत जायला आता गुडघे राहिले होते कुठं?

गल्ल्यामागून ताराचंद शेठ म्हणाले, "भूपेंद्र, कंपनीच्या माणसाशी मी बोलतो. मंगरू म्हणते एसीचं, तं एसीचंच असन. गाळाचं मी पाह्यतो. मंगरू, तू संध्याकाळी येऊन फक्त एकदा माया तोंडावर सांग. बस्."

झालं, काम झाल्यातच जमा होतं. पण मंगरूला भूपेंद्रचं बोलणं लागलं होतं. माझ्या सखूवर शंका! ताजं पाणी बँकेतून भरून आणतो आणि याच्या टेबलावर ठेवतो, अशा तिरमिरीत तो बँकेकडे चालत निघाला. गाडी दुकानातच चार्जिंगला लावली.

बँकेच्या दाराशी वॉचमन तानबा स्टुलावर पेंगत होता. मंगरू म्हणाला, "तानबा, सखूले बोलाव बरं जरा. बाटली पाह्यजे."

तानबानं डोळे उघडले आणि मंगरूला पाहून तो असा दचकला, जसा मॅनेजरच येऊन उभा राहिला.

"सखू... कोन्ती सखू?"

"अरे बाबू, ऊन लागलं का तुले? माही सखू!"

तानबानं टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. मग उठला आणि मंगरूला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "मंगरूभाऊ, सखूबाईले तं दिवाळीच्या आंधीच काहाडलं. नवा ठेकेदार आला, त्यानं त्याचे माणसं लावले. तुमाले सांगू नोको म्हून मले शपथ घातली तिनं."

"रोज सकाळी मी सोडून देतो तिले इथं!"

"सोडता ना. तुमी गेले की जाते मागच्या गल्लीतून निंघून. नालवाडीकडं. थ्या मंगल कार्यालयात भांडे घासते म्हणत होती. पायीच जाते."

मंगरूला एकदम काही कळेना. मग कळलं आणि बसायला काही सापडेना. तानबानं स्टूल पुढे सरकवलं. नालवाडी! दिवसभर तो त्याच रस्त्यावर लोकांना नेत-आणत होता आणि स्वतःच्या बायकोला रोज उलट्या दिशेला आणून सोडत होता. ती तिथून तंगडतोड करत परत जात होती. तिचं वय काय, टाचा केवढ्या फुटलेल्या! त्याला तिचा इतका राग आला की रडूच फुटायला आलं. आणि पाणी? पाणी कुठलं होतं ते आता कोणी सांगायला नको होतं.

तानबानं पाणी दिलं, ते तो प्यायला. बराच वेळ बसला. आता दुकानात जाऊन काय सांगायचं? एसीचं म्हटलं तर शेठ कंपनीशी भांडतील, बॅटऱ्या मिळतील. पण सकाळी जे बोललो ते ठाऊक नव्हतं म्हणून बोललो, आता ठाऊक असून बोललो तर ते सरळ सरळ खोटं, आणि तेही शेठच्या तोंडून. खरं सांगावं तर म्हणावं लागणार, माझ्या बायकोनं मला फसवलं. पाच महिने फसवलं. दुकानात चार लोक बसलेले असतात. संध्याकाळपर्यंत स्टँडवर, रात्रीपर्यंत बोरगावात. त्या बाईची अब्रू आपण आपल्याच हातानं चव्हाट्यावर मांडायची? छे! डोकं शिणून गेलं होतं. याच्याइतकं ओझं स्टेशनावरून कधी ओढलं नव्हतं.

उन्हं उतरल्यावर तो दुकानात गेला. शेठ वाटच पाहत होते.

"हं, मंगरू. बोल. एसीचंच ना?"

"नाई शेठ," मंगरू म्हणाला. "बोरचं होतं. म्याच टाकलं. बँकेतून आणाचा कंटाळा केला."

शेठचं तोंड उघडंच राहिलं. "तू? सकाळी तं एवढा ताठ बोलत होता!"

"खोटं बोललो."

उलट भूपेंद्रलाच अवघडल्यासारखं झालं आणि तो वायरीचं बंडल गुंडाळत आत गेला. शेठ मात्र मंगरूकडे असे पाहत राहिले, जसे खिशातून नोट काढावी आणि ती नकली निघावी. "माया तोंडानं कंपनीले खोटं सांगाले लावत होता तू," ते म्हणाले. "लबाडा! तुले मी काय समजत होतो!"

मंगरू खाली मान घालून गाडीत बसला. दिवसभराच्या चार्जिंगनं जेवढी आली होती तेवढ्या ताकदीवर गाडी नालवाडीकडे वळवली. घरी जाऊन वाट पाहणं त्याच्यानं झालं नसतं.

ती त्याला पुलाच्या पलीकडे दिसली. पदर डोक्यावर, खांद्याला पिशवी, रस्त्याच्या कडेकडेनं एक पाय जरा ओढत चालली होती. त्यानं गाडी तिच्यापुढे नेऊन थांबवली. सखूनं वर पाहिलं. पळायला जागा नव्हती आणि पळायची ताकदही नव्हती.

"बस," तो म्हणाला.

ती बसली. त्यानं गाडी वळवून घराकडे काढली. मग तीच गोंडीत बोलायला लागली, आणि पुढचं सगळं गोंडीतच झालं, इथं फक्त वऱ्हाडीत उतरवलंय.

"तानबानं सांगतलं?"

"हो."

"तुमी स्टँडवर सगळ्यायले सांगत होते, सखू बँकेत हाय, सखू बँकेत हाय. मी कसं सांगू का मले काहाडलं? तुमचं तोंड उतरलं असतं."

"अन् पाणी?"

"बाटली रिकामी नेली असती तं तुमाले कळलं असतं ना." मग ती जरा ताठ बसली. "पण पाणी काई वाईट नाई टाकलं बरं. कार्यालयात मोठी टाकी हाय, बोरची. लग्नाच्या पंगतीत पाहुण्यायले तेच देतेत. मले वाटलं, थे एसीचं तं नळीतून गळते, भिताडावरून येते, घाण. हे तं नवरदेवाले देतेत. बॅटरीले चांगलंच होईन."

मंगरूला हसू येईना आणि रडूही येईना. बिचारीनं बॅटरीला पाहुण्यांचं पाणी पाजलं होतं! गेले पाच महिने रोज, खांद्यावर वाहून, पायी चालत, त्याच्या बॅटऱ्या तिनं प्रेमानं मारल्या होत्या.

"बॅटऱ्या गेल्या सखू. त्या पाण्यानंच गेल्या."

तिनं तोंडावर हात ठेवला. मग पहिला प्रश्न विचारला तो असा, "दुकानात काय सांगतलं?"

"म्या टाकलं म्हून सांगतलं."

"तुमी? काऊन?"

"तुहं नाव कसं सांगू तिथं?"

"अन् शेठ काय म्हणले?"

तो सांगणार नव्हता. पण दिवसभरात इतकं लपवलेलं उघडं पडलं होतं की आणखी काही लपवायचा त्याला कंटाळा आला. "लबाड म्हणले," तो म्हणाला.

पुलाचा चढ लागला तशी गाडी रडायला लागली. सखू न सांगता उतरली आणि मागून ढकलायला लागली. मंगरूही उतरला, हँडल धरून ओढू लागला. मागून येणारे हॉर्न मारत होते, एक मोटरसायकलवाला काहीतरी वाकडं बोलून गेला. चढावर थांबून दम घेताना मंगरू म्हणाला, "थकलो मी सखू." इतक्या वर्षांत हे वाक्य त्यानं तिला कधी ऐकवलं नव्हतं. ती म्हणाली, "मी का थकली नाई?" मग दोघांनी परत जोर लावला.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधीच सखू पायरीवर जाऊन उभी होती. मंगरूनं किती समजावलं, नको जाऊस, झालं ते झालं, पण ती ऐकेल तर शपथ. गाडी कशीबशी ढकलत तो तिच्या मागोमाग आला होता.

ताराचंद शेठ आले, त्यांनी देवाला अगरबत्ती लावली, गादीवर बसले. दुकानात तोवर दोन-तीन गिऱ्हाइकं जमली होती. सखू पुढे झाली.

"शेठ, पाणी यायनं नाई टाकलं. म्या आणलं. यायले मालूमबी नव्हतं. बँकेतून मले काहाडलं, थे मी लपवलं, अन् बाटली बोरवरून भरली, पाहुण्यायले देतेत थ्या पाण्यानं. माया पायी हे काल तुमच्यापुढं खोटं बोलले."

मंगरूला वाटलं, जमीन दुभंगावी. भूपेंद्र खाली पाहत म्हणाला, "काकू, पण वॉरंटी तं तरीबी..."

"वॉरंटी मांगाले नाई आली बाप्पा मी," सखू म्हणाली. "बॅटरी गेली तं गेली. शेठ, तेवढं यायले लबाड म्हणू नका."

ताराचंद शेठनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. शेवटी मंगरूकडे न पाहताच म्हणाले, "चुकलो बाबा. पण काल तू खोटं बोललाच ना!"

"हो शेठ," मंगरू म्हणाला.

"बरं केलं."

मग त्यांनी भूपेंद्रला मागच्या खोलीतला सेट काढायला सांगितला. कोण्या रिक्षावाल्यानं गाडी विकून परगावी जाताना परत आणून दिलेला, वापरलेला, पण चारही बॅटऱ्या एका वयाच्या. भूपेंद्रनं एकेक झाकण उघडून नळी लावली. काडी चारही वेळा जवळपास सारख्याच उंचीवर तरंगली. जुना सेट मोडीत घेऊन तो द्यायचा असं ठरलं. भूपेंद्रनं बजावलं की हा नव्यासारखा ओढणार नाही, दुपारी तासभर चार्जिंग लागेल, आणि पाणी दुकानातूनच न्यायचं, पाहुण्यांचं नाही. त्यावर सखूसुद्धा पदराआडून कशीनुशी हसली.

"दूरच्या सवाऱ्या घेऊ नका काका," भूपेंद्र पाना हातात घेत म्हणाला. "रोज किती चालवणं हाय, थे मले पक्कं सांगा. सकाळपासून धरू. पहिली फेरी कुठची?"

मंगरू बोलायला तोंड उघडतो न उघडतो तोच सखू बोलली. दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं, आणि वऱ्हाडीत.

"नालवाडीची. मंगल कार्यालयात भांडे घासाले जातो मी. हे मले सोडून देतेत."

गिऱ्हाइकांनी वळून पाहिलं. मंगरूनं त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"हो," तो म्हणाला. "पहिली नालवाडीचीच धर."